गच्चीवरचा गॅस बार्बेक्यू मुळापासून साफ करायचाय, सुरुवात कुठून करू?

गच्चीवासी

नमस्कार मंडळी. बाणेरला उघड्या गच्चीत तीन बर्नरचा गॅसवरचा बार्बेक्यू आहे. जाळ्या बिडाच्या, झाकण स्टीलचं, आतली पेटी ओतीव ॲल्युमिनियमची. महिन्यातून दोन-तीनदा वापर, बहुतेक दह्या-मसाल्यातलं चिकन, पनीर आणि कणसं. पावसाळाभर कव्हर घालून ठेवला होता.

आता उघडला तर झाकणाच्या आतून काळे पोपडे सुटून खाली पडतायत. रंग उडतोय का हा? जाळ्यांवर एका बाजूला गंज, दुसऱ्या बाजूला जाड मेणचट थर. उजवीकडचा बर्नर अर्ध्यापर्यंतच पेटतो आणि ज्योत पिवळी आहे. तळाच्या ट्रेमध्ये बोटभर तेलकट गाळ आणि त्यावर पावसाचं पाणी.

घरात धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, व्हिनेगर, भांड्यांचा लिक्विड आणि संडासाचं ॲसिड एवढं आहे. यातलं काय कुठे चालतं? मेकॅनिक बोलवावा लागेल का?

खटपट्या

मेकॅनिक नको. अर्धा दिवस, दोन बादल्या कढत पाणी, एक सराटा आणि रबरी हातमोजे, एवढ्यात काम होतं. ॲसिडची बाटली मात्र होती तिथेच राहू द्या.

ग्रिलवरचा मळ तीन जातींचा असतो आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. ताजं तेल आणि चरबी कढत पाण्याने आणि साबणाने जाते. पुन्हा पुन्हा तापून वार्निश झालेलं तेल, म्हणजे तो तपकिरी, नखाला न येणारा थर, त्याला धुण्याचा सोडा लागतो. आणि जळून निव्वळ कोळसा झालेला काळा थर, त्यावर साबण, सोडा, व्हिनेगर काही म्हणजे काही चालत नाही. तो खरवडायचाच. लोक कोळशावर सोडा ओतून तासन्‌तास वाट बघतात आणि वर सोड्यालाच नावं ठेवतात.

झाकणातले पोपडे रंगाचे नसणार. धूर आणि तेलाची वाफ झाकणाला आतून बसते, थर जाड झाला की दमट हवेत सुटतो. पोपडा दोन बोटांत चुरडा. काजळीसारखी भुकटी झाली तर तो कार्बन. रबरी पापुद्रा तसाच राहिला तर रंग.

आता क्रम. नॉब बंद, सिलिंडर बंद, रेग्युलेटर काढून सिलिंडर दहा फूट लांब. मग प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः बर्नरचं टोक जेटवर, म्हणजे गॅस सोडणाऱ्या पितळी तोटीवर, कसं बसलंय आणि इग्नायटरची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागाची, तार कुठून जाते याचा. जोडताना नव्वद टक्के भांडणं इथेच होतात.

झाकण उघडं ठेवून सराट्याने, प्लॅस्टिकचा असेल तर उत्तम, पोपडे खाली पाडा. जाळ्या काढा. त्याखालच्या, बर्नरवर उलट्या व्ही आकाराच्या ज्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या काढा. मग बर्नर. उरलेली रिकामी पेटी वरून खाली खरवडत या. भिंतींवरचं सगळं तळाच्या फटीतून ट्रेमध्ये लोटायचं. पाणी अजून कुठेही लावायचं नाही. कोरडं जितकं निघेल तितकं आधी काढा, कारण तेलात पाणी पडलं की त्याचा काळा चिखल होतो आणि तोच परत सगळीकडे सारवला जातो.

पेटी फक्त कढत पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने, हिरव्या घासणीने. चकचकीत होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. महत्त्वाचं इतकंच की तळाचा उतार आणि तेल खाली पडायचं भोक मोकळं असावं. आग लागते ती तिथे तुंबलेल्या चरबीमुळे, भिंतीवरच्या काळपटपणामुळे नाही.

पट्ट्या तुम्ही लिहिल्या नाहीत, पण बघाच. स्टीलच्या असतील तर सोड्यात भिजवा. बोटाने दाबून भोक पडत असेल तर बदला.

जाळ्या: आधी गंजाच्या बाजूवर कोरडा ब्रश, मग कढत पाणी-लिक्विड, मग लगेच पुसून विस्तवावर वाळवा आणि तेल लावा. ग्रिल पुन्हा जोडून झाकण उघडं ठेवून पेटवा, मग झाकण बंद, तिन्ही बर्नर पूर्ण, पंधरा-वीस मिनिटं. धूर यायचा थांबला की झालं. बरेच जण ही भाजणी आधीच करतात, म्हणजे मळ ठिसूळ होऊन पटकन खरवडता येतो. तसंही चालतं.

बर्नरबुवा

खटपट्या, शेवटचं वाक्य या ग्रिलपुरतं मागे घ्या. ट्रेमध्ये बोटभर गाळ असताना आधी भाजणी अजिबात नको. वर २५०-३०० अंश झाले की तळातली चरबी पेट घेते, आणि तिथे पाणीही साचलेलं आहे. पेटलेल्या तेलाखालचं पाणी उकळलं की तेल उडतं. ट्रे आणि पेटी आधी रिकामी, मगच भाजणी.

आणि चुकून पेटलंच तर: नॉब बंद, सिलिंडर बंद, झाकण बंद. पाणी मारायचं नाही. खाण्याचा सोडा मूठभर हाताशी ठेवला तर त्याचा खरा उपयोग तेव्हा आहे. नळीकडे किंवा सिलिंडरकडे ज्वाळा गेल्या तर लांब व्हा आणि १०१ ला फोन करा.

रसायनवाली

ॲसिडचं कारण मी सांगते. संडास-फरशीच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक असतं. स्टील गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. वरून दिसत नाही, पण महिन्या-दोन महिन्यांत टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके येतात आणि ते आत आत जातात. ब्लीचचंही तेच. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, तो तर जिवाशी खेळ. मिठाचं, दह्याचं मॅरिनेड झाकणाच्या कडेला वाळून राहिलं तरी हळूहळू हाच परिणाम होतो, म्हणून भाजणं झाल्यावर बाहेरचे ओघळ त्याच दिवशी पुसावेत.

धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. दहा लिटर कढत पाण्यात पाव किलो. यात स्टीलच्या पट्ट्या आणि स्टीलच्या जाळ्या दोन तास ते रात्रभर. पाणी गार झालं की काम मंदावतं, म्हणून मध्ये एकदा किटलीभर उकळतं पाणी घाला. हातमोजे घाला, कातडी कोरडी पडून सोलते.

हा सोडा ॲल्युमिनियमला लावू नका. पेटी, काही ग्रिलचं झाकण, बऱ्याचदा ट्रेसुद्धा ॲल्युमिनियमचाच असतो. सोड्याने तो काळवंडतो. कॉस्टिक लावलंत तर फेस येऊन धातू खाल्ला जातो आणि हायड्रोजन सुटतो. ओव्हन साफ करायचे बहुतेक जोरदार फवारे कॉस्टिकचेच असतात, डब्यावर सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलंय का ते वाचा. शंका असेल तर लोहचुंबक लावा: ॲल्युमिनियमला चिकटत नाही. मात्र चांगल्या ३०४ जातीच्या स्टीललाही सहसा चिकटत नाही, तेव्हा वजन आणि रंग बघून ठरवा. ओतीव ॲल्युमिनियम जाड, हलकं आणि राखाडी असतं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचे व्हिडिओ फार फिरतात. एक आम्ल, दुसरा अल्क. फेस गेला की उरतं ते जवळपास खारट पाणी. वापरायचे तर वेगवेगळे. खाण्याच्या सोड्याची थोड्या पाण्यात घट्ट पेस्ट करून झाकण आतून घासायला ठीक, कारण त्याचे कण मऊ आहेत आणि ओरखडे पडत नाहीत. व्हिनेगर फक्त गंजाला.

बाहेरचं स्टील घासताना त्यावर बारीक रेघा दिसतात, त्या रेघांच्याच दिशेने घासा. लोखंडी तारेची घासणी नको. तिचे कण स्टीलमध्ये रुततात आणि मग ते कण गंजतात, दोष मात्र स्टीलला मिळतो. शेवटी धुवायला बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर पुसून कोरडं करा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग पडतात. बाणेर-बालेवाडीकडे हे सांगायला नकोच.

गच्चीवासी

भारी माहिती, धन्यवाद. दोन शंका. बिडाच्या जाळ्याही सोड्यात टाकू का? आणि तारेचा ब्रश वापरू नये असं ऐकलंय, मग गंज कशाने काढू?

खटपट्या

आधी बीड कुठल्या जातीचं ते बघा. दोन असतात. एक उघडं बीड, मॅट, बोट फिरवलं तर जरा खरबरीत, घरच्या बिडाच्या तव्याचं असतं तसंच. दुसरं एनॅमल चढवलेलं, काचेसारखं गुळगुळीत आणि चमकदार काळं. एनॅमलवाल्याला सोडा चालतो, पण लोखंडी सराटा आणि आपटाआपट चालत नाही. एकदा टवका उडाला की तिथून गंज आत शिरतो आणि आजूबाजूचं एनॅमल उचलत जातो. तापलेल्या जाळीवर गार पाणीही ओतू नका, एनॅमल तडकतं. बीड स्वतःसुद्धा तडकू शकतं.

उघडं बीड असेल तर त्यावर मुरलेल्या तेलाचा थर हीच त्याची गंजाविरुद्धची ढाल. सोडा तीही काढून टाकतो. म्हणून दोनच पर्याय: थर नुसता मेणचट असेल तर कढत पाणी, लिक्विड, सराटा, पाच मिनिटं, बास. थर इतका जाड असेल की जाळीच्या पट्ट्यांमधल्या फटी बुजल्यात, तर सरळ सोड्यात अर्धा तास घाला, सगळं मूळ लोखंडापर्यंत उघडं करा आणि नव्याने तेल मुरवा. अर्धवट काढलेला थर सगळ्यात वाईट, वरून पोपडे सुटत राहतात आणि पनीरला चिकटतात.

गंजासाठी: हलका लालसर गंज म्हणजे काथ्या आणि जाडं मीठ. बीडावर मीठ चालतं, लगेच धुऊन वाळवायचं एवढंच. खोल गंज असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात अर्धा तास. तासाच्या वर ठेवायचं नाही, गंज संपला की व्हिनेगर लोखंडच खायला लागतं. बाहेर काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून विसळा, कापडाने पुसा आणि लगेच विस्तवावर. ओलं बीड डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस होतं, पाच-दहा मिनिटंही पुरतात.

तेल मुरवताना सगळे एकच चूक करतात: तेल जास्त. रिफाइंड सूर्यफूल किंवा शेंगदाणा, कोमट जाळीला सगळीकडून चोळायचं आणि मग कोरड्या कापडाने असं पुसायचं की आपण तेल लावलंच नव्हतं. जे उरतं तेवढंच हवं. मग झाकण बंद, मध्यम आच, झाकणावरचा काटा २०० ते २३० अंशांमध्ये, पाऊण ते एक तास. धूर येणार, वरच्या मजल्यावरच्यांचे कपडे वाळत नाहीत ना ते बघून घ्या. दोनदा-तीनदा हेच करा. जाळी कोरडी, एकसारखी काळी दिसायला हवी. हाताला चिकट लागली तर तेल जास्त झालं. तीच जाळी उलटी ठेवून आणखी तासभर तापवा.

जवसाचं तेल लोक सुचवतात. थर सुंदर दिसतो पण कडक आणि ठिसूळ होतो, पुढे पापुद्रे निघतात. मी म्हणेन नको.

तारेच्या ब्रशची भीती खोटी नाही. तार तुटून जाळीला चिकटते, तिथून खाण्यात जाते आणि घशात किंवा आतड्यात रुतते, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वापरायचाच असेल तर जाळी काढून, खाली धरून, आणि नंतर ओल्या कापडाने दोन्ही बाजू पुसून. तारा कापडाला अडकतात. रोजच्या कामाला काथ्या किंवा लाकडी पट्टी पुरते. लाकडी पट्टी वापरता वापरता जाळीच्या आकाराने खाचा पडून नेमकी बसते. ब्रश, सराटे, नायलॉनच्या घासण्या रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतात.

बर्नरबुवा

आता बर्नरचं. अर्ध्यापर्यंत पेटणं आणि पिवळी ज्योत हा एकाच गोष्टीचा पुरावा आहे: नळीत हवा नीट मिसळत नाहीये किंवा पुढे जात नाहीये.

गॅस जेटमधून जोराने येतो, नळीच्या तोंडाशी असलेल्या झडपेतून हवा ओढून घेतो आणि मिश्रण भोकांतून बाहेर पडून जळतं. पावसाळ्यात बंद राहिलेल्या नळीत दोन पाहुणे हमखास असतात, कोळी आणि कुंभारीण माशी. कोळ्याचं जाळं दिसायला क्षुल्लक, पण हवेची वाट अडवायला पुरेसं. कुंभारीण तर मातीचा बूच बसवते. नळी जास्त तुंबली तर मिश्रण मागे फिरतं आणि नॉबच्या बाजूला, जेटपाशी जळायला लागतं. नॉबखाली धग किंवा धपधप आवाज आला की त्या क्षणी सिलिंडर बंद.

बर्नर बाहेर काढा. बाटली धुवायचा लांब ब्रश नळीच्या तोंडातून आत, गोल फिरवत, दोन्ही टोकांनी. ब्रश जाणार नाही तिथे जाड तारेचं टोक वळवून. मग उभा धरून आपटा, माती पडते. भोकांवरून ब्रश फिरवताना नळीला आडवा फिरवा, लांबीच्या दिशेने नको. लांबीने फिरवलात तर एका भोकातला मळ पुढच्या भोकात कोंबला जातो. बुजलेलं भोक कागदाची क्लिप सरळ करून मोकळं करायचं. टूथपिक नको, आत मोडते. ड्रिल तर नकोच. भोक मोठं झालं की त्या जागी ज्योत उंच आणि बाकीच्या आडव्या. दोन भोकांमधली भिंत गंजून एक झाली असेल तर तो बर्नर संपला, नवीन घ्या.

पितळी जेटमध्ये स्टोव्हची पिन घालायचा मोह होईल. घालू नका. पितळ मऊ, भोक रुंदावतं, गॅस जास्त येतो आणि ज्योत कायमची पिवळी होते. सायकलच्या पंपाने हवा मारा. तेल गेलं असेल तर जेट सोडवून गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा.

धुतलेला बर्नर पूर्ण वाळायलाच हवा. ऑक्टोबरच्या उन्हात तासभर पुरे. बसवताना नळीचं तोंड जेटवर सरळ चढलंय ना, हे खाली वाकून टॉर्चने बघा. बाजूला बसलं तर गॅस नळीबाहेर पेटीत जमतो. झाकण बंद ठेवून कधीही पेटवू नका, नुसत्या याच कारणासाठी. पेटला नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं झाकण उघडं ठेवा आणि मग परत.

पहिली दोन-तीन मिनिटं ज्योतीत नारिंगी ठिणग्या दिसतील, ती उरलेली धूळ आणि गंज जळतो. त्यानंतर ज्योत निळी, टोकाला किंचित पिवळी. इग्नायटरच्या टोकावरचा तेलकट थर पुसा. टोक आणि बर्नर यांत चार-पाच मिलिमीटर अंतर असतं. तार ओली असेपर्यंत ठिणगी पडणार नाही, लगेच नवीन घ्यायला धावू नका.

शेवटचं आणि न टाळायचं: गळती बघणे. अर्धा कप पाण्यात दोन चमचे लिक्विड. सिलिंडर उघडा, ग्रिलचे नॉब बंदच. रेग्युलेटरचा जोड, गॅसच्या रबरी नळीची दोन्ही टोकं, तिची मधली लांबी, सगळीकडे फेस ब्रशने लावा. एका जागी बुडबुडा वाढत राहिला तर तिथे गळतंय. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्यासाठी वेगळं काही लिहीत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून सिलिंडर बंद कपाटात नको आणि गच्चीच्या मोरीजवळ तर अजिबात नको. नळी तारेच्या जाळीवाली, आयएसआय खुणेची. उंदरांनी कुरतडली असेल, चिरा असतील किंवा पाच वर्षं झाली असतील तर बदला. वर वर्ष छापलेलं असतं.

निखारा

मी कोळशावाल्यांसाठी लिहितो, कारण हा धागा शोधत ते येणारच. कोळशाच्या ग्रिलचा खरा शत्रू राख आहे. लाकडी कोळशाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. ते हवेतली ओल धरतात आणि तळाला अल्कधर्मी लगदा होतो. जूनमध्ये राखेसकट झाकून ठेवलेल्या ग्रिलच्या तळाची झडप सप्टेंबरमध्ये हलत नाही, ती यामुळे.

राख गार झाल्याशिवाय काढू नका. वरून गार दिसली तरी आत निखारा एक-दोन दिवस जिवंत राहू शकतो. झाकण आणि झडपा बंद करून दोन दिवस ठेवा, मग धातूच्या डब्यात. गरम राख कचऱ्याच्या पिशवीत घालून दाराशी ठेवणं म्हणजे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचा हात भाजणं.

झाडांना घालणार असाल तर नुसत्या लाकडी कोळशाची, तीही चिमूटभर. आपली काळी माती मुळात अल्कधर्मी, राख तिला आणखी तिकडेच नेते. दाबलेल्या वड्यांच्या कोळशाची राख कुंडीत नको.

केटल ग्रिल, म्हणजे तो गोल झाकणाचा, आतून-बाहेरून एनॅमल केलेला असतो. १९५२ मध्ये शिकागोजवळ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यात तरंगणाऱ्या बोयाचा गोळा कापून पहिला बनवला, आकार त्यातूनच आला. त्याला सोडा चालतो, फक्त तळाची राख फिरवायची पाती आणि झडपेचे रिव्हेट ॲल्युमिनियमचे नाहीत ना ते बघा.

सोसायटी_सचिव

सगळं छान, पण हे धुवायचं कुठे? आमच्याकडे एकाने गच्चीतच होजपाइप लावून काम उरकलं.

रसायनवाली

गच्चीत नको. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांच्या गच्चीचं पाणी पाइपने थेट बोअरच्या पुनर्भरणाला जातं. साबण, सोडा आणि चरबी त्यात गेली की फिल्टरचा थर तुंबतो आणि उरलेलं खाली जातं. पावसाच्या पाइपला सापळाही नसतो. बाथरूममध्ये किंवा भांडी घासायच्या जागेत धुवा, जिथलं पाणी सांडपाण्याला जातं.

तिथेही चरबी ओतायची नाही. ट्रेवरचं पाणी आधी हलकेच काढून घ्या, खालचा गाळ सराट्याने जुन्या वर्तमानपत्रावर, दुहेरी गुंडाळी, मग कचऱ्यात. कढत पाण्याबरोबर चरबी वाहून गेल्यासारखी वाटते, पण दोन मजले खाली गार झाली की पाइपलाच बसते. तेलकट बोळे मोकळे ढीग करून उन्हात ठेवू नका. विशेषतः जवसाचं तेल लागलेले, ते आपोआप तापून पेटू शकतात.

खटपट्या

प्रेशर वॉशरबद्दल कोणी विचारायच्या आधी: नको. पाणी बर्नरच्या नळीत, इग्नायटरमध्ये आणि नॉबच्या बुडाशी जातं, नॉबमधलं ग्रीस धुऊन निघतं आणि पुढे नॉब अडकतो. सुट्या काढलेल्या जाळ्यांवर मारा हवं तर.

तळाला फॉइल पसरायची युक्तीही सोडा. घड्यांत तेल साचतं, हवेची भोकं झाकतात. फॉइल फक्त काढता येणाऱ्या तेलाच्या वाटीत.

गच्चीवासी

पट्ट्या काढून बघितल्या, दोन सडल्यात. या मॉडेलच्या मिळत नाहीयेत. स्थानिक करून घेता येतील?

खटपट्या

येतील. भोसरी किंवा धायरी-नऱ्हेकडच्या कुठल्याही छोट्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जुनी पट्टी नमुना म्हणून न्या. ३०४ स्टील, सव्वा ते दीड मिलिमीटर पत्रा, सांगून घ्या. तो जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा स्वस्तात सुचवेल, घ्यायचा नाही. तापल्यावर जस्ताचा धूर येतो, तो खाण्यावर नको आणि छातीतही नको. रुंदी नमुन्याइतकीच ठेवा. रुंद केलीत तर वर आच पोचत नाही, अरुंद केलीत तर तेल थेट बर्नरच्या भोकांत ठिबकतं. पहिल्या वेळी रिकामं तापवा, पत्र्यावर कारखान्यातलं तेल असतं.

कव्हरचंही सांगून टाकतो. पूर्ण गार आणि कोरडं झाल्याशिवाय घालायचं नाही. आणि पावसाळ्यात कव्हर घालून विसरायचंही नाही, आत ओल कोंडते. पंधरा दिवसांनी उघडीप मिळाली की काढून दहा मिनिटं पेटवा. जूनच्या आधी जाळ्या काढून, तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून घरात ठेवा. बर्नरच्या नळीच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी बसवली की कुंभारीण शिरत नाही. ती जाळीही अधूनमधून झटका, धुळीने हवा अडते.

वाकडकर

आमच्याकडे पाइप गॅस आहे. नवीन ग्रिल घेऊन त्यावरच जोडावा म्हणतो, सिलिंडरची कटकट नको. चालेल ना?

बर्नरबुवा

तसाच नाही. एलपीजीच्या ग्रिलचे जेट बारीक भोकाचे असतात. पाइपमधल्या नैसर्गिक वायूत तेवढ्याच आकारमानात उष्णता बरीच कमी, त्यामुळे जेट मोठे लागतात. तसाच जोडलात तर ज्योत मिणमिणती, चिकन उकडल्यासारखं होईल. उलट बाजूने, पाइप गॅसचा ग्रिल सिलिंडरला जोडला तर ज्वाळा झाकणाला लागतील, ते जास्त धोक्याचं. घेतानाच दुकानदाराला विचारा की या मॉडेलचा नैसर्गिक वायूचा जेटसंच मिळतो का. मिळत असेल तर लाइन गच्चीपर्यंत वाढवायचं काम एमएनजीएलकडे (पुण्यातली पाइप गॅसची कंपनी) अर्ज करून त्यांच्याच माणसाकडून. स्वयंपाकघरातून रबरी नळी ओढून खिडकीतून बाहेर काढायची नाही.

वाकडकर

खिडकीचाच विचार होता. अर्ज करतो.